लुगडं कोणतं नेसलं यापेक्षा ते कुणी ठरवलं

एका नवोदित लेखिकेचा प्रश्न आहे. त्या १९३०च्या आसपासच्या एका संस्थानी सरदार घराण्यातल्या सासू-सुनेवर दोन अंकी नाटक लिहीत आहेत. त्यांनी विचारलंय, "बड्या घरच्या बायका उंची वस्त्रं आणि दागिन्यांच्या जोरावर आपला दबदबा ठेवत, असं वाचलंय. रंगमंचावर हे कसं दाखवायचं? सासूला पैठणी आणि सुनेला साधं लुगडं नेसवलं की पुरे होईल का?"

पुरे होणार नाही. मी गेली पस्तीस वर्षं कोल्हापुरात ऐतिहासिक नाटकांची आणि चित्रपटांची वेशभूषा करते, शिवाय जुन्या घरांतले शालू-पैठण्या दुरुस्त करून देते. पहिल्या कामातून कळतं की कपडा दुरून कसा दिसतो, आणि दुसऱ्यातून कळतं की तो कसा वापरला गेला होता. त्या अनुभवावरून सांगते, तुमचा खरा प्रश्न 'कोण किती भारी नेसलं' हा नाहीच. कुणी काय नेसायचं हे त्या घरात कोण ठरवत होतं, कोण कुणाला वस्त्र देत होतं आणि ते बघायला समोर कोण बसलं होतं, या तीन गोष्टी आधी ठरवा. पैठणीचा रंग त्यानंतर.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात. छत्रपतींचं घराणं, सरदाराचा वाडा, गावचे इनामदार आणि शहरातला सावकार किंवा वकील, या चार घरांतल्या बायका एकसारख्या नेसत नव्हत्या. घरात गोषा, म्हणजे बायकांनी परक्या पुरुषांसमोर न येण्याचा पडदा होता का, बाई सवाष्ण की विधवा, सून कोणत्या संस्थानातून आली, यानेही सगळं बदलतं. म्हणून माझ्या उत्तरातला प्रत्येक तपशील तुमच्या नाटकाला जशाचा तसा लागेल असं समजू नका. विचार करायची पद्धत मात्र लागू पडेल.

माझी चूक आधी सांगते, कारण तीच बहुतेकांकडून होते. सुरुवातीच्या एका नाटकात वाड्यातल्या आईसाहेबांना मी सगळं घातलं होतं. साज, ठुशी, पुतळ्यांची माळ, मोहनमाळ, चिंचपेटी, नथ, पाटल्या, तोडे, वर भरजरी शालू. प्रयोगानंतर एका जुन्या वाड्यातल्या वयस्क बाई रंगपटात आल्या. अंगावर इरकल, गळ्यात एकपदरी मंगळसूत्र, हातात दोन-दोन पाटल्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "बाळ, रोजच्या दुपारी घरात बसलेली बाई एवढं घालत नाही. ज्यांच्याकडं काल पैसा आला, त्या घालतात." त्या बोलताना रंगपटात बाकी सगळे गप्प झाले होते. त्यांच्या अंगावर दाखवण्यासारखं काहीच नव्हतं, तरी कुणाला त्यांच्याकडे पाठ करून उभं राहणं जमत नव्हतं. दुसऱ्या प्रयोगाला मी आईसाहेबांच्या अंगावरचे निम्मे दागिने उतरवले आणि कमरेला चाव्यांचा जुडगा खोचला. भूमिका एकदम उभी राहिली.

त्या चाव्यांचं महत्त्व समजून घ्या. संस्थानांत वस्त्रं आणि दागिने ठेवायच्या कोठाराला जामदारखाना म्हणत. लहान वाड्यात तीच एखादी कोठीची खोली नाहीतर लाकडी पेटारा असे. सणावाराला कोणत्या सुनेने काय घालायचं हे ज्या बाईच्या हातात असे, तिच्या स्वतःच्या अंगावर काय आहे याने फरक पडत नसे. दुसऱ्या बाजूने, स्त्रीधन हीच अशी मालमत्ता होती जी बाई आपली म्हणू शकत होती. १९३७च्या कायद्याआधी हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत धड हिस्सा नव्हता, आणि मुलींना वारसाहक्क खऱ्या अर्थाने मिळाला तो १९५६ साली. तोवर माहेरहून आलेलं सोनं म्हणजे तिची शेतजमीन आणि तिची बँक. कोल्हापुरी साजात एकवीस पानं असतात, दहा दशावतारांची, आठ अष्टमंगळाची, दोन माणिक-पाचूची आणि शेवटचं डोरलं. लोक त्यातलं देवधर्माचं बोलतात, पण गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या जुन्या कारागिरांसमोर बसलात तर दुसरीही गोष्ट कळते. पुतळ्यांची माळ, म्हणजे सोन्याच्या नाण्यांची माळ, अडचणीच्या वेळी एकेक पुतळी काढून मोडता येते. मी दुरुस्तीला आलेल्या माळा पाहिल्या आहेत, त्यात दोऱ्याचं अंतर भरायला नंतर साधे मणी ओवलेले होते. प्रत्येक मण्याच्या जागी कधीतरी एक पुतळी गेलेली असते, आणि बहुधा ती बाईने स्वतःच्या निर्णयाने मोडलेली असते. तुमच्या सुनेच्या गळ्यात अशी एक माळ द्या. तिच्यावर एक अख्खा प्रवेश उभा राहील.

आता देण्याघेण्याकडे वळू, कारण माझ्या मते सत्तेचं मूळ इथे आहे. आपल्याकडे वस्त्र देणं म्हणजे मान देणं, आणि कधीकधी अधिकार देणं. पेशवा नेमायचा तर छत्रपती त्याला पेशवेपदाची वस्त्रं देत. आजही नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून अंबाबाईला शालू येतो आणि गावभर त्याची चर्चा होते. दरबारात पुरुष जे वस्त्रांनी करत, तेच बायका माजघरात करत होत्या. लग्नातला मानपान, आहेराची लुगडी, डोहाळजेवणाची हिरवी साडी, ओटीचा खण, संक्रांतीची चंद्रकळा. कुणाला जरीचं, कुणाला रेशीमकाठी, कुणाला नुसतं सुती, ही वाटणी वरवर रीतीने ठरलेली असली तरी तिच्यात थोडी मागेपुढे करायची जागा असे. ती जागा घरातल्या थोरल्या बाईच्या हातात असायची. एखाद्या नात्यातल्या बाईला या वर्षी सुती काठाचं लुगडं गेलं, तर तिच्या नवऱ्याने वाड्यावर काय केलंय हे सगळ्या भावकीला न सांगता कळे.

आणि जुनेर विसरू नका. मालकिणीचं वापरलेलं लुगडं जुनेर म्हणून कामवाल्या बाईला जाई. ते तिच्या अंगावर दिसलं की गावाला दोन गोष्टी समजत, की ही वाड्यावरची आहे आणि वाड्यावर असली लुगडी जुनी होतात. नाटकात दासीला मुद्दाम फाटकं-मळकं नेसवण्याऐवजी दुसऱ्या अंकात तिला आईसाहेबांचं पहिल्या अंकातलं लुगडं नेसवा. एका ओळीचाही संवाद लागणार नाही.

तिसरी गोष्ट बघणाऱ्यांची. पुष्कळ लेखक इथे घसरतात. मराठा सरदार घराण्यांत गोषा असल्यामुळे बायकांचा पेहराव परक्या पुरुषांना दिसायचाच नाही. मग त्या नटत होत्या कुणासाठी? एकमेकींसाठी. हळदीकुंकू हा त्यांचा दरबार होता. जाजमावर कोण कुठे बसलं, अत्तर आधी कुणाच्या हाताला लागलं, गुलाबपाणी कुणापासून सुरू झालं, ओटी कुणाची आधी भरली, यात दरबाराइतकाच काटेकोर क्रम असे. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येक बाईला पैठणीचे काठ नारळी आहेत की मुनिया, पदरावर बांगडी-मोर आहे की आसावली वेल, जर खरी की हलकी, हे हात न लावता कळत होतं. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची बारीक तार असते, तिला सोन्याचं पाणी दिलेलं असतं. ती जुनी झाली की काळपट पडते, पण तिचा वजनदार झुळझुळाट जात नाही. म्हणून जुना, थोडा काळवंडलेला शालू नव्या चकचकीत शालूपेक्षा वरचढ ठरे. तो आजेसासूचा आहे हे बोलून दाखवावं लागत नसे. तुमच्या सासूची पैठणी नवीकोरी ठेवू नका. ती दोन पिढ्या वापरलेली दिसू द्या.

याच संदर्भात एक प्रसंग. पन्हाळ्याकडच्या एका इनामदार घरात जुन्या साड्यांच्या कामासाठी मी काही दिवस जात होते. तिथल्या आजी तेव्हा ऐंशीच्या पुढच्या, लग्न होऊन आल्या त्या तेरा-चौदाव्या वर्षी. त्यांनी सांगितलं, सणाच्या दिवशी सासूबाई पहाटे प्रत्येक सुनेच्या घडवंचीवर त्या दिवसाचं लुगडं ठेवून जात. विचारणं नाही, सांगणं नाही. एका संक्रांतीला आजींनी ते घडी न मोडता तसंच ठेवलं आणि माहेरहून आलेलं इरकल नेसून खाली उतरल्या. लाल पदर, त्यावर पांढरी टोपपदराची नक्षी. किमतीने ते ठेवलेल्या लुगड्याच्या पासंगालाही पुरलं नसतं. मी विचारलं, "मग आईसाहेब रागावल्या का?" आजी म्हणाल्या, "एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवशी ओटी भरताना माझा नंबर शेवटी आला, एवढंच. पण पुढच्या संक्रांतीपासून घडवंचीवर लुगडं ठेवायच्या थांबल्या." हे सांगताना आजींचा हात मांडीवरच्या पदरावरून फिरत होता. मी तेव्हा सुई-दोरा हातात घेऊन बसले होते, टाका घालायचा राहून गेला. तुमचं नाटक याच जागेवर आहे असं मला वाटतं. सून हलकं नेसली, आणि त्यातूनच तिने आपल्या नेसण्याचा निर्णय आपल्याकडे घेतला.

साधेपणही याच हिशेबात धरा. अहिल्याबाई होळकर पांढऱ्या लुगड्यात दिसतात आणि तरी त्यांच्या सत्तेबद्दल कुणाला शंका नाही. महेश्वरात त्यांनी विणकर वसवले, तिथली वस्त्रं मानाची भेट म्हणून दिली जात, असं सांगतात. स्वतः पांढरं, आणि देताना महेश्वरी. महाराणी ताराबाईंनी १७०० साली कारभार हाती घेतला तोही विधवा म्हणूनच. बडोद्याच्या गायकवाडांच्या कन्या इंदिराराजे कूचबिहारच्या महाराणी झाल्या, १९२२ला विधवा झाल्या आणि मुलाच्या नावाने कारभार पाहू लागल्या. त्यांनी वैधव्याच्या पांढऱ्यालाच फ्रेंच शिफॉनचं रूप दिलं, आणि मग देशभरातल्या राण्या सवाष्ण असूनही शिफॉन नेसू लागल्या. जे नेसणं बाईला कमी करायला ठरवलेलं होतं, तेच त्यांनी फॅशन करून टाकलं. त्यांच्या आई चिमणाबाई महाराणी गोषा मोडून दरबारात सयाजीरावांशेजारी बसल्या, १९२७ला पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. आपल्या शाहू महाराजांच्या राणीसाहेब लक्ष्मीबाईही बडोद्याकडच्याच, खानविलकरांच्या. संस्थानांमधल्या सोयरिकींमुळे नेसण्याच्या रीतीही सुनांबरोबर फिरत होत्या, म्हणून तुमची सून कोणत्या संस्थानातून आली हे ठरवणं गरजेचं आहे. बडोद्याहून किंवा ग्वाल्हेरहून आलेली सून १९३०मध्ये काष्टा न घालता गोल पातळ नेसायला मागेल, आणि सासूला ते डोळ्यांत खुपेल. नऊवारी विरुद्ध गोल हा त्या पिढीचा घराघरातला झगडा होता.

मात्र हा साधेपणा सगळ्यांना परवडत नव्हता. ज्यांच्यावर साधं नेसणं लादलेलं होतं, त्यांच्यासाठी तो अपमान होता. विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं हे त्याचंच टोक. आपल्या जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने त्या धर्तीवर सगळ्या ग्रामपंचायतींना आवाहन केलं. म्हणजे शंभर वर्षांनंतरही हा विषय मिटलेला नव्हता. शाहू महाराजांनी १९१७ साली पुनर्विवाहाचा कायदा केला, पुढच्याच वर्षी धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीत गेले आणि कोवळ्या वयात विधवा झालेल्या सूनबाई इंदुमतीदेवींना त्यांनी विरोध पत्करून शिकवलं. तुमच्या वाड्यात एखादी विधवा आत्या किंवा काकी असेल तर तिला नुसती कोपऱ्यात उभी करू नका. घरातल्या सगळ्या बायका सणासाठी नेसत असताना ती एकटीच घड्या उलगडून देत असेल, हे दाखवा.

आणि वाड्याबाहेरचंही. लुगडं घोट्यापर्यंत घोळदार नेसायचं की गुडघ्यापर्यंत, सोनं घालायचं की चांदी-पितळ, यावरून जात ओळखू यायची, आणि वरचढांनी ती मर्यादा सांभाळून ठेवली होती. डिसेंबर १९२७मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितलं की अस्पृश्यपणाची खूण पटवणारं नेसणं आणि अंगभर घातलेले चांदी-कथलाचे दागिने सोडा, इतर बायकांसारखं लुगडं नेसा. बायकांनी ते लगेच मनावर घेतलं. उंची पेहरावातली सत्ता कशी चालते हे बड्या घरच्या बायकांइतकंच, किंबहुना जास्त, या बायकांना कळलेलं होतं, कारण तिचा मार त्यांनी सोसला होता. तुमच्या नाटकाचा काळ याच्या अगदी लगतचा आहे. दुसऱ्या अंकात वाड्याच्या चौकात उभी असलेली एखादी बाई घोट्यापर्यंत नेसून आली, तर आईसाहेबांची नजर आधी कुठे जाईल याचा विचार करा.

आता रंगमंचाचं. एक जुना नऊवारी शालू मी आमच्या काट्यावर तोलला तर सव्वा किलोच्या वर भरला. तो नेसून, डोक्यावर पदर घेऊन बाई वाकू शकत नाही, धावू शकत नाही, आणि पदर सावरायला एक हात कायम अडकलेला राहतो. हात अडकलेला आहे याचा अर्थ कामाला माणसं आहेत. अभिनेत्रीला तालमीच्या पहिल्या दिवसापासून वजनदार नऊवारी नेसवा. आजकाल शिवलेल्या नऊवारी मिळतात, त्या नृत्याला ठीक. या नाटकाला त्या चालणार नाहीत, कारण शिवलेल्या साडीत चाल मोकळी होते आणि आईसाहेबांची चाल मोकळी नको आहे. पदर किती पुढे ओढलेला, हेही ठरवून ठेवा. सासऱ्यांची चाहूल लागली की तो दोन बोटं पुढे येतो. सून एकदा तो पुढे ओढायला विसरली, किंवा विसरली असं दाखवलं, की प्रेक्षक सरसावून बसतात. केशवराव भोसले नाट्यगृहात मी हे किती वेळा पाहिलंय, मागच्या रांगेपर्यंत शांतता पसरते.

काळाबद्दल थोडं. १९३०ला वाड्यात पुढे गाठ मारायची खणाची चोळी वयस्क बायकांच्या अंगावर, आणि शिकलेल्या सुनांच्या अंगावर लेसचं पोलकं किंवा झंपर, असा फरक ठेवा. त्या पिढीच्या नेसण्यावर बालगंधर्वांचा मोठा पगडा होता. त्यांचा शालू, त्यांचा अंबाडा, हातातला रुमाल पाहून घरंदाज बायका तशा नटू लागल्या होत्या. म्हणजे सुनेची नवी नेसण जशी संस्थानांतून आलेली असेल तशी थेट नाटकातूनही आलेली असू शकते, आणि सासू तिला "नाटकातल्यासारखं काय हे" असं म्हणू शकते. हे वाक्य रंगमंचावर बोललं जाताना छान वाजेल, वापरून बघा.

थोडक्यात कामाची यादी अशी: चाव्या सासूकडे, माळ सुनेकडे, जुनी पैठणी, दासीला जुनेर, ओटीचा क्रम, आणि सुनेची स्वतःची निवड एकदाच, पण ठसठशीत. सहा साड्यांत हे नाटक उभं राहतं. निर्माता बारा पैठण्यांचं बजेट दाखवेल, तर त्यातले निम्मे पैसे एका खऱ्या जुन्या लुगड्यावर घाला.

सून कोणत्या संस्थानातून आली आणि घरात गोषा आहे का, एवढं कळवलंत तर पदराची लांबी आणि चोळीच्या बाह्या मी मापासकट सांगेन. इरकल कोल्हापुरातच घ्या, महाद्वार रोडच्या जुन्या दुकानांत हातमागाचं मागा, आणि घेताना पदर हातात धरून बघा. हातमागाच्या इरकलीचा पदर अंगाला वेगळा जोडलेला असतो, सांध्यावरचे दोऱ्याचे फासे बोटाला लागतात.